लहान्याच्या बहिणीला कुणी विचारलं?

साल १९८१. तुमचं वय चोवीस. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तुम्ही ऑपरेटर आहात. रात्रपाळी संपवून खोलीवर आलात, दोन बादल्या पाणी अंगावर ओतलंत आणि झोपायचं सोडून मुंबईची गाडी पकडलीत. हात घासून घासून धुतले तरी नखांच्या कडेला पिवळा रंग उरलाच आहे. पाळीतल्या एकानं सांगितलं होतं, 'आक्रोश' बघून ये, दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर मिळालाय त्याला. दिग्दर्शक म्हणून गोविंद निहलानींचा हा पहिलाच चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचं, आणि तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' तुम्ही पाहिलेला आहे. त्यात एक दारुडा मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारत राहतो, आणि त्या एका प्रश्नानं साखरसम्राटाचं सिंहासन हलतं. तेव्हा तुम्ही खुर्चीत बसताना मनाशी धरून चालला आहात की आजही कुणीतरी विचारत राहील आणि शेवटी उत्तर मिळेल.

अंधार होतो. पडद्यावर चिता पेटते. बायको जळते आहे आणि अग्नी द्यायला नवऱ्याला पोलिसांच्या पहाऱ्यात आणलंय, हातात बेड्या. त्याच्यावर आरोप आहे तिच्याच खुनाचा. लहान्या भिकू त्याचं नाव. ओम पुरींचा तो खडबडीत चेहरा पडदाभर येतो आणि तुम्ही एकदम सावरून बसता, कारण हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. मनोरकडून, कासाकडून कंत्राटदाराच्या ट्रकमध्ये उभा राहून असाच कुणीतरी रोज तुमच्या कारखान्यात येतो. पोती उचलतो, चर खणतो, दुपारी भिंतीच्या सावलीत बसून भाकर खातो. त्याचं नाव हजेरीपटावर कंत्राटदाराच्या मुकादमानं लिहिलेलं असतं. तुम्ही त्याला कधी विचारलेलं नाही.

पुढचे दोन तास लहान्या बोलत नाही. सरकारनं दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी, नसीरुद्दीन शाह, तुरुंगात जाऊन विचारतो, चिडतो, समजावतो, हात जोडायचा बाकी राहतो. समोरून काही नाही. झोपडीत म्हातारा बाप बसलाय, तान्हं मूल आहे, लहान्याची तरुण बहीण आहे. तीही बोलत नाहीत, वकील आला की आत सरकतात. त्यांच्या लेखी पँट-शर्टातला हा माणूस आणि त्यांना रोज दम देणारी माणसं एकाच बाकावरची. आणि ते खोटंही नाही. सरकारी वकील दुसाने हा भास्करचा गुरू. अमरीश पुरींचा दुसाने स्वतः आदिवासी घरातून वर आलेला, रात्री-अपरात्री फोन करून त्याला त्याची जात ऐकवली जाते आणि तो रिसीव्हर कानाला लावून निमूट ऐकून घेतो. संध्याकाळी मात्र गावातल्या बड्या मंडळींच्या क्लबात पत्ते खेळायला बसतो. जंगलाचा ठेकेदार, पोलीस अधिकारी, डॉक्टर, पुढारी. पत्ते पिसताना त्यांचे हात किती स्वच्छ दिसतात, तेवढं नीट पाहून ठेवा. नागीचं, म्हणजे स्मिता पाटीलचं, काय झालं ते पुढे तुम्हाला दिसतं. लहान्याच्या तोंडून ते येत नाही. कॅमेरा ते तुम्हाला थेट दाखवतो, आणि भास्कर मात्र अंधारातच राहतो.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या 'राशोमोन'विषयी (१९५०) तुम्ही कुठंतरी वाचलंय. एका खुनाची हकीकत चार जण चार तऱ्हांनी सांगतात, मेलेल्या माणसाचा आत्मासुद्धा येऊन सांगून जातो, आणि सत्य म्हणून काही उरतं का, असा पेच पडतो. जगभरचे लोक माणसाच्या स्वभावावरचा थोर चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतात. पण तिथं बोलणारे आहेत, भरपूर आहेत. इथं, तुमच्या जिल्ह्याला लागून असावा अशा जंगलात, एकही बोलणारा नाही. सत्य सगळ्यांना माहीत आहे. ते उच्चारायची सोय नाही. माझ्या मते हा पेच 'राशोमोन'पेक्षा अवघड आहे, कारण यात बुद्धीला काही कोडं घातलेलंच नाही. माहीत असलेली गोष्ट माणूस का सांगत नाही, आणि ती पोटात दाबून धरली की त्याच्यातून पुढे काय निघतं, एवढंच विचारलंय.

काय निघतं ते शेवटी दिसतं. बाप मरतो. पुन्हा चिता, पुन्हा बेड्या. अंत्यविधीपुरता लहान्याला आणलंय. त्याची नजर फिरते आणि त्याला दिसतं की ठेकेदाराचा माणूस त्याच्या बहिणीकडे बघतोय, आणि ते बघणं तो ओळखतो. तो पोलिसांच्या हातून निसटतो, कुऱ्हाड उचलतो. थिएटरातल्या प्रत्येकाला वाटतं, घाव त्या माणसावर पडणार. घाव बहिणीवर पडतो. मग तो वर आभाळाकडे तोंड करून ओरडतो, चित्रपटभर न फुटलेला आवाज एकदाच फुटतो, आणि तुमच्या पुढच्या रांगेतली एक बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून घेते.

परतीच्या गाडीत तुमच्या डोक्यात तोच घाव आहे. समोर बसलेले दोघं त्यावरच बोलतायत. एक म्हणतो, त्यानं तिला वाचवलं, तिच्या नशिबात नागीचेच भोग होते. दुसरा म्हणतो, व्यवस्थेनं त्याच्याकडे दुसरा मार्गच ठेवला नव्हता. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि तरी वैतरणेचा पूल जातो, सफाळे जातं, पालघर येतं, आणि तुमच्या मनातली एक गाठ सुटत नाही. त्या मुलीला कुणी विचारलं होतं का?

हीच गाठ घेऊन छत्तीस वर्षं मागे चला.

२३ मे १९४५. झरी. आज ते पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात आहे, पण या घडीला पालघर नावाचा जिल्हा नाही. जिल्हा ठाणे, तालुका उंबरगाव, मुलूख मुंबई इलाख्याचा. मे अखेरचं ऊन ताडांच्या माथ्यावर तापतंय, करवंदाच्या जाळ्या काळ्या पडल्यात. पायवाटांनी माणसं येतायत. कमरेला लंगोटी, पाठीमागे आकडीत अडकवलेला कोयता, बायकांची लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पाच हजारांच्या आसपास वारली गोळा झालेत. तुम्ही गर्दीत मिसळता आणि तुमच्या लक्षात येतं की इथंही कुणी फारसं बोलत नाही. बसलेत, जमिनीकडे बघतायत. लहान्याची शांतता हीच. ती तेंडुलकरांनी कल्पनेतून काढलेली नव्हती.

या शांततेच्या पोटात काय आहे ते शेजारच्या माणसाच्या पाठीकडे पाहिलंत तरी कळेल. सावकाराच्या शेतात आधी फुकट राबायचं, मग स्वतःच्या खाचराकडे बघायचं. ही वेठ. न गेलं तर झाडाला बांधून मार. आणि वेठीच्याही पलीकडचं म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे रुपये घ्यायचे आणि त्या कर्जापोटी जन्मभर त्याच्या दारात राबायचं, नवऱ्यानंही आणि बायकोनंही. हिशेब सावकाराच्या वहीत, त्यामुळे कर्ज फिटत नाही. लग्न लागताक्षणी ती मुलगी गुलाम होते, आणि गडी शेतावर गेला असताना सावकाराच्या वाड्यात तिचं काय होतं हे सगळ्या पाड्याला माहीत असतं. नागीची गोष्ट इथं घरोघर आहे.

समोर एक बाई उभ्या आहेत, पुण्याच्या गोखल्यांच्या घरात जन्मलेल्या, कायदा शिकलेल्या, भारत सेवक समाजात काम केलेल्या गोदावरी परुळेकर. बरोबर श्यामराव परुळेकर. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं या भागातले काही वारली गेले होते. तिथून धागा जुळला आणि बाई इथं आल्या. भास्कर कुलकर्णी आठवतोय ना? तोही ब्राह्मण घरातला, तोही कायदा शिकलेला, तोही खरं काय ते शोधायला निघालेला. मग भास्करला जे जमलं नाही ते बाईंना कसं जमलं? मी पुष्कळ वेळा यावर विचार केला आहे, आणि मला दिसतं ते असं. भास्कर एका माणसाला त्याच्या कोठडीत जाऊन विचारतो, आणि उत्तर त्याला कोर्टासाठी हवं असतं. बाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, कुडाच्या घरांत राहिल्या, आणि मग जे विचारायचं ते पाच हजारांना एकाच वेळी विचारलं. एकट्या माणसानं तोंड उघडलं की रात्री त्याच्या झोपडीवर माणसं येतात. पाच हजारांनी उघडलं तर ती कुणाकुणाच्या झोपडीवर जाणार?

सभेत ठरतं ते तुम्ही कान देऊन ऐका. वेठ करायची नाही. लग्नगड्याचं काम यापुढे नाही. सावकाराच्या शेतावर जायचं तर दिवसाला बारा आणे रोख. एक जण बोलतो, मग दुसरा, मग एक म्हातारी उठून उभी राहते आणि आवाज चढतो. लहान्याच्या गळ्यातून जो आवाज फक्त आभाळाकडे गेला, तो इथं माणसांकडे जातो आणि म्हणून त्याला शब्द सापडतात. त्यानंतर पाहता पाहता उंबरगाव आणि डहाणूच्या पाड्यांतून वेठ उठते. माणसं सावकाराच्या वाड्यावर जातात, आपल्या लग्नगड्यांना, त्यांच्या बायकांना बाहेर बोलावतात आणि घेऊन येतात. कुऱ्हाड त्यांच्याकडेही आहे, कोयता तर जन्मापासून कमरेला आहे. तो कुणाच्या मानेवर पडत नाही.

पण एवढ्यावर परतू नका. पाऊस सरू द्या, गवत पिवळं होऊ द्या. या जंगलपट्टीतलं गवत गाड्या भरभरून मुंबईच्या तबेल्यांकडे जातं आणि त्यावर सावकारांची तिजोरी भरते. वारल्यांची मागणी आहे की पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये मिळावेत. नाही तर विळा उचलायचा नाही. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला हजारो जण जमतात, खोट्या निरोपांनी त्यांना तिथं आणलंय. पोलिसांच्या बंदुका त्यांच्यावर चालतात, थांबतात, पुन्हा चालतात. लोक हलत नाहीत. जेठ्या गांगड पडतो. एकूण पाच जण जातात. तुम्ही अंधारात त्या घोळक्यात उभे आहात आणि पळायला पाय उचलावा तर कुणाचातरी खांदा तुमच्या खांद्याला टेकलेला आहे, तो हलत नाही म्हणून तुम्हीही हलत नाही. माणसाचा मूळ स्वभाव भेकड की शूर, असा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारतात. तलवाड्याला उभं राहून त्या प्रश्नाची मांडणीच चुकीची वाटायला लागते. एकाच माणसात दोन्ही असतं, आणि कोणतं वर येणार हे शेजारी कोण उभं आहे यावर पुष्कळसं ठरतं. पुढे बाई आणि श्यामराव जिल्ह्यातून हद्दपार झाले, पण गवताचा तो दर सावकारांना द्यावा लागला.

आता परत फिरताना वाटेत थोडं थांबत जाऊ. १९६० मध्ये राज्यं वेगळी होतात, उंबरगाव गुजरातेत जातं, झरी-तलासरी महाराष्ट्रात राहतं. १९७० च्या जानेवारीत इंदिरा गांधी तारापूरचं अणुवीज केंद्र देशाला अर्पण करतात आणि त्याच वर्षी बाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' छापून येतं. एकाच किनारपट्टीच्या दोन बातम्या. दोन वर्षांनी त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळतो. झरीची सगळी हकीकत त्यात आहे. 'आक्रोश' पाहिलेल्या प्रत्येकानं ते हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण पडद्यावर जे अर्धं राहिलं आहे ते त्यात आहे.

१९७७ ला मात्र उतरावंच लागेल. डॉ. जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत', मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची गोष्ट. ना. धों. महानोरांच्या गाण्यांवर आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर मराठी माणूस इतका लुब्ध झाला की त्या गोष्टीतल्या प्रश्नाकडे लक्ष जायचं राहून गेलं. मोहन आगाशेंचा नाग्या भगताचा पोर, त्याला पुण्यवान व्हायचंय. पुण्यवंताला राणीमाशी दिसते असं त्याला सांगितलेलं. तो प्रामाणिकपणे वागतो, आणि माशी त्याचा डोळा घेते. सरळ वागणाऱ्याच्या वाट्याला हे का? पुराणातल्या हरिश्चंद्रापासूनचा प्रश्न. नाग्या देवाला शरण जात नाही की गप्पही बसत नाही. तो लिंगोबाच्या डोंगरावरचं पोळं उतरवायचं ठरवतो, म्हणजे खुद्द देवाशी वैर. नवरा सोडून, आपल्या मर्जीनं त्याच्याकडे आलेली चिंधी त्याला साथ देते. पोळं पडतं. चिंधी माश्यांच्या दंशानं मरते. जैत झाली, म्हणजे जिंकला, आणि मांडीवर मेलेली बाई.

चिंधी स्मिता पाटील, नागीही स्मिता पाटील. दोन्ही चित्रपट थोर आहेत, मी ते पुन्हा पुन्हा पाहिले आहेत आणि पाहीन. तरी एकदा सलग पाहा म्हणजे खटकेल. पुरुष आयुष्याला मोठा प्रश्न विचारतो आणि त्याच्या उत्तराची किंमत बाई देते. चिंधीला निदान डोंगरापर्यंत स्वतःच्या पायानं जाता आलं. लहान्याच्या बहिणीला तेही नाही. कुऱ्हाड उचलण्याआधी लहान्यानं ठरवून टाकलं की तिच्यापुढे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला कळलंय, आणि ते टाळायचा अधिकार आपला आहे. ठेकेदाराच्या माणसानंही तिच्याविषयी असंच काहीतरी ठरवलेलं होतं. दोघांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तिला न विचारण्यात मात्र दोघं एका बाजूला येतात. चित्रपटाला हे माहीत असावं, असा माझा कयास आहे. म्हणूनच तो तो घाव आपल्या अंगावर टाकतो आणि सांत्वनाचा एक शब्द काढत नाही. त्याला 'सुटका' म्हणणारे आपण प्रेक्षक.

आता २०१५. तुमच्या डोक्यावरचे केस पांढरे झालेत, डहाणूपर्यंत लोकल येऊन दोन वर्षं झाली, आणि गेल्या १ ऑगस्टपासून तुम्ही पालघर जिल्ह्याचे रहिवासी आहात. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' लागलाय. शाहीर नारायण कांबळेवर खटला आहे की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगारानं जीव दिला. पुन्हा कोर्ट, पुन्हा वकील, पुन्हा मेलेला गरीब माणूस. मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. तुम्ही खुर्चीत पुढे सरकता, कारण चौतीस वर्षांपूर्वीचं तुम्हाला आठवतंय आणि वाटतंय की आता हीही गप्प बसणार.

ती बोलते. रडत नाही, हात जोडत नाही, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. नवरा गटारात उतरायच्या आधी झुरळ बाहेर येतंय का बघायचा. आलं तर आत हवा आहे. अंगावर सुरक्षेचं काही नसायचं. तिच्या त्या चार वाक्यांत सरकार पक्षाची सगळी कहाणी ढासळते, आणि थिएटरात तुमच्याशिवाय आणखी किती जणांच्या छातीत कळ आली असेल कोण जाणे. तुम्हाला ते झुरळ परकं नाही. बोईसरला टाकीत, रिअ‍ॅक्टरमध्ये माणूस उतरवायचा तर आधी आतली हवा तपासायची, परमिटवर सही घ्यायची, दोर धरून एकानं तोंडाशी उभं राहायचं, हे तुम्ही उमेदवारीत शिकलात. आणि घाईच्या पाळीत, कंत्राटी माणूस असला की, यातलं काय काय गळतं तेही तुम्ही पाहिलंय. तो माणूस आता ओडिशातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेला असतो. वारली नसला तरी त्याची शांतता तीच आहे, कारण तोही इथं एकटा आहे.

'कोर्ट'मधल्या त्या बाईला बोलता आलं, कारण कुणीतरी तिला सरळ प्रश्न विचारला आणि ती बोलत असताना मध्ये तोडलं नाही. झरीला वेगळं काय घडलं होतं? नुसत्या आकड्याचाच काय तो फरक.

म्हणून एक काम तुमच्याकडे सोपवतो. १० ऑक्टोबरला तलासरी-डहाणूत तलवाड्याच्या हुतात्म्यांची आठवण अजून जागवली जाते. त्या आठवड्यात एका संध्याकाळी तिथल्या एखाद्या शाळेच्या पटांगणात पडदा बांधा. प्रोजेक्टर आता भाड्यानं सहज मिळतो, विजेचा भरवसा नसेल तर जनरेटर ठेवा. 'आक्रोश' दाखवा, पूर्ण, मध्ये भाषण न करता. बोईसरच्या खोल्यांमधून कंत्राटी पोरांना घेऊन या, चित्रपट हिंदी आहे, त्यांना समजेल. कुऱ्हाड पडल्यावर लगेच दिवे लावू नका, नावं संपू द्या. मग माईक आधी बायकांकडे द्या, त्यातही त्या बहिणीच्या वयाच्या मुलींकडे, आणि एवढंच विचारा की तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं. पहिली काही मिनिटं कुणी बोलणार नाही. घाबरून माईक काढून घेऊ नका, स्वतः उत्तर द्यायला जाऊ नका. एक बोलली की दुसरी बोलेल, वाद होतील, कुणी लहान्याची बाजू घेईल, कुणी त्याच्यावर भडकेल. आणि रात्र झाली, डहाणूहून शेवटची लोकल चुकली, तर चुकू द्या. सकाळच्या गाडीनं पहिली पाळी गाठता येते.